औषधे, संप्रेरके आणि व्यायाम : चिठ्ठ्यांतील काही प्रश्न

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांनी आगाऊ लिहून दिलेल्या प्रश्नांच्या आधारे हे व्याख्यान झाले.)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात डॉक्टरला बोलावणे हे तसे धाडसाचेच काम आहे. डॉक्टर बोलायला उभा राहिला, की पहिल्या रांगेतले पेढ्यांचे पुडे आपोआप खुर्चीखाली सरकतात, हे मी आत्ताच पाहिले. तरीही विश्वस्तांनी हे धाडस केले आणि पंधरा दिवस कार्यालयाबाहेर प्रश्नांसाठी पेटी ठेवली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पेटी उघडली तेव्हा त्यात साठाच्या वर चिठ्ठ्या निघाल्या. बहुतेक मधुमेह, थायरॉइड आणि वजन यांविषयीच्या. काही निनावी होत्या, काहींचे अक्षर मी ओळखले, पण ते मी कोणाला सांगणार नाही.

जवळजवळ डझनभर चिठ्ठ्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता : ‘आम्ही शाकाहारी आहोत, व्यसन नाही, रात्री जेवत नाही. मग आमच्या घरात मधुमेह कसा?’ या प्रश्नात थोडी तक्रार आहे आणि ती मला समजते. त्याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ, आतून स्थूल, असा हा आपला भारतीय देह आहे. ही चरबी पोटात, यकृताभोवती साठते आणि स्नायू मात्र कमी असतात. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असा संकेत आहे. देशभर केलेल्या आय. सी. एम. आर.च्या पाहणीचा जो अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शाकाहार हा निश्चितच हितकर आहे. परंतु फरसाण, खाकऱ्यावरचे तूप, साखरेचा चहा आणि दिवसभर गादीवरची बैठक, हेही सारे शाकाहारीच आहे, हे विसरून चालत नाही.

आता संप्रेरकांविषयी. इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक. जेवणातून रक्तात आलेली साखर पेशींच्या आत जावी, म्हणून ते पेशींचे दार उघडते. स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे कोठार. यकृतात आणि पोटात चरबी वाढली, की त्या दारांची कुलपे गंजतात. मग स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओतते आणि काही वर्षे साखर ताब्यात ठेवते. या काळात अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि आपण निर्धास्त राहतो. पुढे स्वादुपिंड थकते. म्हणजे ज्या दिवशी मधुमेहाचे निदान होते, त्या दिवशी तो सुरू झालेला नसतो. तो पाच-दहा वर्षे आधीच घरात येऊन बसलेला असतो.

एका ज्येष्ठ श्राविकेने लिहिले आहे : ‘इन्सुलिन प्राण्यांपासून करतात असे ऐकले आहे. मग ते मी कसे घ्यावे?’ या प्रश्नाला हसू नये. एके काळी हे खरेच होते. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले आणि मृत्यूच्या दारातली मुले परत येऊ लागली. पण ते इन्सुलिन गाय-बैल आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडापासून काढलेले असे आणि पुढची साठ वर्षे जग त्याच्यावरच चालले. आपल्या आधीच्या पिढीतील किती श्रावकांनी ते मनात दुःख ठेवून घेतले असेल आणि किती जणांनी नाकारून प्राण गमावले असतील, याची नोंद कोठेही नाही. १९८२ मध्ये जनुकतंत्राने जिवाणूंकडून बनविलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत बाजारात आले. आपल्याकडे २००३ मध्ये वोखार्टने आणि २००४ मध्ये बायोकॉनने यीस्टच्या साहाय्याने ते देशातच तयार केले. आज औषधाच्या दुकानात मिळणारे इन्सुलिन बहुतांशी याच प्रकारचे असते. त्यात गाय नाही, डुक्कर नाही. यीस्ट आणि जिवाणू यांच्याविषयी सूक्ष्म विचार करावयाचा असेल, तर तो संतांच्या सान्निध्यात करावा. माझा तो अधिकार नाही.

कॅप्सूलविषयीचा प्रश्न मात्र आजही खरा आहे. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून केलेले असते. वनस्पतिजन्य कवचही मिळते आणि पुष्कळ औषधे गोळीच्या रूपात उपलब्ध असतात. ड जीवनसत्त्वाची मऊ कॅप्सूल नको असेल, तर त्याची भुकटी मिळते. मात्र ते जीवनसत्त्व सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते, हेही सांगितले पाहिजे. तुम्ही डॉक्टरांना आधी विचारा, पर्याय बहुधा निघतो. न विचारता औषध मुकाट्याने टाकून देणे आणि पुढच्या भेटीला ‘घेतो आहे’ असे सांगणे, हा प्रकार मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. त्यात डॉक्टर फसतो आणि मात्रा वाढवितो.

मेटफॉर्मिन ही सर्वांच्या परिचयाची गोळी. युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीत सापडलेल्या द्रव्यावरून ती सुचली आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहावर तिचा उपयोग प्रसिद्ध केला. ‘ही गोळी किडनी खराब करते का?’ असे चौघांनी विचारले आहे. निरोगी मूत्रपिंड ती खराब करीत नाही. मूत्रपिंड आधीच फार बिघडले असेल, तर मात्र ती कमी वा बंद करावी लागते. या दोन वाक्यांतला फरक लोक विसरतात. पण जो प्रश्न कोणीच विचारला नाही, तो मी उपस्थित करतो. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. आपल्याला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळते. म्हणजे ज्या समाजात ते मुळातच कमी, तेथे ही गोळी आणखी घट आणते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे आपण ‘शुगरमुळे’ किंवा ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतो. वर्षातून एकदा ब-१२ तपासा आणि कमी असेल तर गोळी वा इंजेक्शन घ्या. घरात गरोदर सून असेल, तर तिचेही तपासा. पुण्याच्या परिसरातील खेड्यांत डॉ. याज्ञिक यांनी माता-बालकांचा जो अभ्यास केला, त्यात ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देणारी आढळली.

आता मी ज्या विषयासाठी मुख्यतः आलो आहे, त्याकडे वळतो. तो विषय म्हणजे तप आणि औषध.

२००९ सालची गोष्ट. माझ्या काकू तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. मधुमेह जुना, आणि औषध माझेच. ग्लिबेन्क्लामाइडची गोळी सकाळ-संध्याकाळ. पर्युषणापूर्वी पंधरा दिवस त्या दवाखान्यात येऊन गेल्या. मी अहवाल पाहिला, ‘छान आहे, हेच चालू ठेवा’ म्हणालो आणि पुढचा रुग्ण बोलावला. संवत्सरीला त्यांनी उपवास केला. गोळी चुकू नये, अशी माझी ताकीद असल्यामुळे सकाळी उकळलेल्या पाण्याबरोबर ती घेतली. दिवसभर काही वाटले नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. शेजारच्या भगिनींना वाटले, गर्दीमुळे होत असेल. काकूंना मात्र कळले होते की साखर उतरते आहे. कोणीतरी साखरपाणी पुढे केले. त्यांनी मानेनेच नको म्हटले, कारण सूर्य मावळला होता. थोड्या वेळाने त्या बसल्या जागी कलंडल्या. मी पोहोचलो तेव्हा साखर ३८ होती.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या. ही गोळी शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, उतारवयात तर अधिकच. त्यामुळे साखर पुन्हा पुन्हा खाली येत राहिली आणि दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या. घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘माझं पच्चक्खाण मोडलं ना रे?’ त्यांनी मला दोष दिला नाही. चूक मात्र माझीच होती. मी त्यांना साखरेचा आकडा विचारला होता, पंचांग विचारले नव्हते.

त्यांना घेऊन मी चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महाराजसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेले आहेत. त्यांपैकी एक आगार असह्य पीडेच्या वेळी चित्ताची समाधी टिकावी, म्हणून औषध घेण्याचा आहे. काकू पन्नास वर्षे तो पाठ ऐकत आणि म्हणत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे ते वाक्य माझ्यासाठीच होतं.’ तुमच्या मनात शंका असेल, तर आपापल्या गुरुभगवंतांना हे जरूर विचारा, परंतु उपवासाच्या आधी विचारा. घाम फुटल्यावर शास्त्रार्थ करता येत नाही.

तेव्हापासून मी आषाढ लागला की प्रत्येक रुग्णाला विचारतो, यंदा काय करणार? उपवास, एकासन, आयंबिल, तेला, अठाई की दशलक्षणातील दहा दिवस? कारण औषधागणिक धोका वेगळा असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही पोट रिकामे आहे की भरलेले, हे पाहत नाहीत. त्यांची मात्रा उपवासाच्या दिवशी कमी वा बंद करावी लागते. केवळ मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातील गोळ्यांनी साखर सहसा फार उतरत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंडासाठी त्या गुणकारी आहेत, पण अन्न आणि पाणी दोन्ही बंद असताना रक्तात आम्ल साचू शकते, आणि तेही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना! उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसतात आणि घरचे म्हणतात, पित्त झाले. शस्त्रक्रियेपूर्वी या गोळ्या तीन-चार दिवस थांबवितात. दीर्घ उपवासाआधी डॉक्टरांशी तसेच ठरवावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल, तर तीही दाखवा.

ज्यांना लहानपणापासून इन्सुलिन लागते, अशा रुग्णांनी ते कधीही पूर्ण बंद करू नये. त्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दीर्घ उपवासाचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी उपवासात दिवसातून तीन-चार वेळा बोटातून रक्त घेऊन तपासावे. साखर ७० च्या खाली गेली, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. ३०० च्या वर गेली, तरी थांबावे. आणि पारणे! आठ दिवसांच्या तपानंतर मुगाच्या पाण्याने हळूहळू सुरुवात करायची, की पाहुण्यांनी आणलेल्या बासुंदीने, हे तुम्हीच ठरवा.

‘सूर्यास्तापूर्वी जेवल्याने मधुमेह बरा होतो का?’ असाही प्रश्न आहे. होय म्हटले असते, तर टाळ्या मिळाल्या असत्या. संध्याकाळी उशिरा घेतलेल्या जेवणाने साखर अधिक चढते, हे खरे. परंतु २०२२ मध्ये चीनमधील १३९ स्थूल व्यक्तींवरील वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत जेवणारे आणि दिवसभरात केव्हाही जेवणारे, असे दोन गट होते. दोघांनाही अन्न सारखेच मोजून दिले होते. वजनातील घटीत लक्षणीय फरक पडला नाही. चौविहार तुम्ही धर्म म्हणून करता. त्याला औषधाचे प्रमाणपत्र कशाला हवे? सूर्यास्तापूर्वीच्या घाईत दोन घास नव्हे, तर दोन पोळ्या जास्त जातात, हेही मी आमच्याच घरात पाहतो.

थायरॉइडच्या गोळीविषयी थोडक्यात. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहापूर्वी अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. नवकारसी करणाऱ्यांनी ती वेळ झाल्यावर गोळी घ्यावी आणि चहा तेवढा पुढे ढकलावा. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. हे संप्रेरक शरीरात आठवडाभर टिकून राहते, त्यामुळे एका उपवासाच्या दिवशी ती राहिली तर घाबरण्याचे कारण नाही. वजन उतरविण्यासाठी मात्र ही गोळी घेऊ नये. हृदयाची धडधड वाढते आणि हाडे झिजतात. तसेच सांधेदुखीवरच्या किंवा ‘तब्येत सुधारणाऱ्या’ निनावी पुड्यांपासून दूर राहा. त्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. चेहरा गोल होतो, भूक वाढते, साखरही वाढते आणि लोक म्हणतात, अंग भरले.

तरुणांच्या चिठ्ठ्या नव्या इंजेक्शनविषयी आहेत. तिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आले. आतड्यातील संप्रेरकांची ही नक्कल आहे. या गटातील पहिल्या औषधाची कल्पना अमेरिकेतील गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचली. आजच्या औषधात सरडा नाही, काळजी नसावी. गुण येतो, यात शंका नाही. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले. पण औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्यांच्याकडे मुळातच स्नायू कमी, त्यांनी हा व्यवहार नीट समजून करावा. मळमळ, उलट्या, पित्ताशयात खडे हे त्रास होतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेल्यांनी आणि घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असलेल्यांनी ही औषधे टाळावीत. एका युवकाने मला सांगितले, की या इंजेक्शनवर अठाई अगदी सोपी गेली. पाण्याचीही इच्छा न होता आठ दिवस काढणे हे मूत्रपिंडाच्या दृष्टीने काय असते, ते मी त्याला समजावले. तपाच्या दृष्टीने काय असते, ते त्याने महाराजसाहेबांना विचारावे. आणि लग्नाआधी ब्यूटी पार्लरमधून अशी इंजेक्शने घेऊ नयेत.

राहता राहिला व्यायाम. स्नायू आकुंचन पावू लागला, की तो इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. गंजलेले कुलूप बाजूला ठेवून मागचे दार उघडावे, तसे हे आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार व चालणे यांवर भर दिलेल्या गटात आणि मेटफॉर्मिनच्या गटात तो सुमारे ४० टक्क्यांना झाला. म्हणजे चालणे गोळीच्या तोडीचे ठरले. दोन्ही एकत्र करूनही जास्तीचा लाभ दिसला नाही.

चौविहार करणाऱ्यांना येथे एक सोय आहे. तुमचे जेवण सहा-साडेसहाला संपते. इतर लोक दहाला जेवून झोपतात. तुम्हाला पंधरा-वीस मिनिटे चालायला उजेड असतो. तेवढे चाला आणि मग प्रतिक्रमणाला वा दुकानावर जा. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आहे. ताकदीच्या व्यायामाला जिमच हवी असे नाही. आपले आजोबा-आजी वंदना करताना वीस-वीस वेळा जमिनीवर बसत आणि हात न टेकता उठत. आता पन्नाशीतच सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्यांची मागणी होते! गुडघे खरोखर दुखत असतील, तर खुर्ची जरूर घ्या. पण त्याच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. मांडीचा स्नायू हे साखरेचे मोठे गिऱ्हाईक आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचे स्नायू व हाडे वेगाने झिजतात, म्हणून हे त्यांच्यासाठी अधिक. त्याबरोबर ताटात मूग, मटकी, चणे, दही यांचा वाटा वाढवा आणि भाताचा कमी करा.

एक सावधगिरी. जुन्या मधुमेहींच्या तळपायांची संवेदना गेलेली असते. संतांच्या विहारात किंवा तीर्थावर अनवाणी चालताना डांबराचा चटका त्यांना कळत नाही. संध्याकाळी फोड दिसतो आणि महिन्याने बोट काढावे लागते. अशांनी अनवाणी चालण्याचा नियम घेण्यापूर्वी पाय तपासून घ्यावेत.

शेवटची एक निनावी चिठ्ठी आहे : ‘सासूबाई औषधे लपवून ठेवतात, सांगू कोणाला?’ ताई, तुम्ही त्यांना माझ्याकडे घेऊन या. मी औषधाचा विषय काढणार नाही. मी त्यांना यंदाच्या तपाविषयी विचारीन. बहुतेक वेळा तेथूनच खरे बोलणे सुरू होते.

घड्याळ पुढे गेले आहे आणि तुमच्यापैकी पुष्कळांना चौविहार आहे, म्हणून आता थांबतो. उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरे लिहून कार्यालयात देईन. बाहेर उजव्या हाताला आमचे सहकारी कंबर मोजायची टेप आणि साखर तपासायचे यंत्र घेऊन बसले आहेत. जेवणापूर्वी जाऊन या.

जय जिनेंद्र.